दोन इंजिनं असली की परतीची खात्री असते का?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

गेली 6 वर्षं ते 18 फुटी, एका आउटबोर्ड इंजिनाची (म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून बसवलेल्या इंजिनाची) बोट चालवतात. आता 25 फुटी, खोल व्ही तळाची (तळ इंग्रजी V अक्षरासारखा खोल असलेली) वेगवान बोट घ्यायची आहे. एकाच साच्यातल्या दोन बोटी त्यांच्यासमोर आहेत. एक नवी आहे आणि तिला 450 अश्वशक्तीचं एकच आउटबोर्ड आहे. दुसरी वापरलेली आहे आणि तिला 300 अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड आहेत. मागच्या वर्षी पत्नी आणि दोन मुलं बरोबर असताना त्यांचं इंजिन बंद पडलं आणि 3 तास बोट वाहत राहिली. मोबाइलला रेंज नव्हती, नांगराचा दोर तळापर्यंत पोचला नाही, धाकटा मुलगा सतत ओकत होता. अखेर एका मासेमारी बोटीने त्यांना ओढून आणलं. पेट्रोलमध्ये पाणी गेल्याचं नंतर कळलं. तेव्हापासून बोटीचा विषय निघाला की पत्नी एवढंच विचारते, ‘परत तसं झालं तर?’ म्हणून दोन इंजिनांची बोटच घ्यावी असं त्यांना वाटतं. बोटवाले मित्रही म्हणतात की एका इंजिनाची ती खरी परफॉर्मन्स बोटच नव्हे. मेकॅनिक मात्र ‘एकच घ्या’ म्हणतो. त्यांचं फिरणं बहुतेक वेळा किनाऱ्यापासून 5-6 सागरी मैलांत असतं, वर्षातून दोनदा 25 सागरी मैलांवरच्या बेटापर्यंत जातात. ते लिहितात, ‘दोन इंजिनांमुळे सुरक्षितताही वाढेल आणि वेगातही मोठा फरक पडेल, असा माझा हिशोब आहे. तो बरोबर आहे का?’

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘परत तसं झालं तर?’ हा प्रश्न तुमच्या पत्नीचा आहे. ‘दोन इंजिनं’ हे त्याचं उत्तर मात्र तुम्ही दिलेलं आहे. त्यांनी स्वतः दोन इंजिनं मागितल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. तेव्हा आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधू, वेगाचं मग बघू.

त्या दिवशी पेट्रोलमध्ये पाणी होतं. त्याच बोटीला, त्याच टाकीतून पेट्रोल ओढणारी दोन इंजिनं असती तर काय झालं असतं? पहिलं अडखळून बंद पडलं असतं. तुम्ही दुसऱ्यावर घराकडे वळला असतात आणि थोड्याच वेळात तेही बंद पडलं असतं, कारण दोघांच्या नळ्या एकाच टाकीच्या तळाशी जातात आणि पाणी जड असल्यामुळे तळाशीच साठतं. म्हणजे ज्या प्रसंगामुळे तुम्ही दोन इंजिनांकडे वळलात, त्या प्रसंगात दुसऱ्या इंजिनाचा उपयोग जवळजवळ शून्य होता.

इथेच हिशोबात गफलत होते. समजा, एखाद्या फेरीत एक इंजिन बंद पडण्याची शक्यता 100 मध्ये 1 आहे. (आकडा फक्त उदाहरणासाठी.) दोन इंजिनं असली की दोघांपैकी कुठलं तरी एक बंद पडण्याची शक्यता 100 मध्ये 2 च्या घरात जाते, कारण बिघडू शकणाऱ्या वस्तूच दुप्पट झाल्या. पण दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता 10,000 मध्ये 1 एवढी खाली येते. हा दुसरा आकडा फार मोठा दिलासा आहे. त्याला अट एकच: दोन्ही इंजिनांची दुखणी एकमेकांपासून पूर्ण वेगळी असली पाहिजेत. टाकी एक, बॅटरी एक, दोन्हींची देखभाल एकाच दिवशी एकाच माणसाने केलेली, दोन्हींत एकाच कॅनमधलं ऑइल, अशी परिस्थिती असेल तर तो आकडा कागदावरच राहतो. 25 फुटी बोटीत जागा कमी असल्याने दोन इंजिनांना मिळून एकच टाकी असणं अगदी सर्रास आहे. ती वापरलेली बोट बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: टाक्या किती, फिल्टर किती, बॅटऱ्या किती, आणि एका इंजिनाची बॅटरी उतरली तर दुसऱ्याच्या बॅटरीवर ते सुरू करायची सोय आहे का?

पेट्रोलमधल्या पाण्यावरचा खरा उपाय आहे पाणी वेगळं करणारा फिल्टर. टाकी आणि इंजिन यांच्या मधे 10 मायक्रॉनचा असा फिल्टर बसवा, प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र. आउटबोर्डच्या बोटीत खाली पारदर्शक वाटी असलेला घेतलात तर नुसतं वाकून बघितलं तरी कळतं. (इंजिन बोटीच्या पोटात असेल तर पारदर्शक प्लास्टिकची वाटी वापरू नका. आग लागली तर ती वितळते आणि पेट्रोल थेट आगीत जातं.) महिन्यातून एकदा फिल्टरमधलं थोडं पेट्रोल मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी-विस्तव नाही हे बघून, स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि 10 मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि दोहोंच्या मधली रेघ स्पष्ट दिसते. तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर जास्तच जपा. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि एका मर्यादेपलीकडे ते पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाशी जातं. अर्धी रिकामी टाकी दोन-तीन महिने तशीच ठेवून पहिल्याच फेरीला लांब जाणं हा त्रास ओढवून घ्यायचा हमखास रस्ता आहे.

आता त्या 3 तासांबद्दल. इंजिन बंद पडणं हा त्या दिवसाचा निम्माच भाग होता. उरलेला निम्मा होता तो कुणाला कळवता न येणं आणि एका जागी थांबता न येणं. तुमच्या पत्नीच्या मनात नेमकं काय राहिलं असेल? मला वाटतं, इंजिनाचा आवाज थांबला त्या क्षणापेक्षा त्यानंतरचे तास. या दोन्ही गोष्टींवर उपाय आहेत आणि दुसऱ्या इंजिनापुढे त्यांचा खर्च काहीच नाही. बोटीला कायमचा बसवलेला 25 वॅटचा व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा आपसात बोलायचा बिनतारी संच) घ्या, अँटेना शक्य तितकी उंच लावा आणि चॅनल 16 वर मदत कशी मागायची हे घरातल्या मोठ्या माणसांना शिकवा. मोबाइल तुमच्या एका ओळखीच्या माणसाला लागतो. चॅनल 16 आसपासच्या, रेडिओ चालू असलेल्या प्रत्येक बोटीला ऐकू जातो. सोबत एक हातातला, पाण्यात न बुडणारा सेटही ठेवा, बोटीची वीजच गेली तर उपयोगी पडतो. बेटाच्या फेरीसाठी 406 मेगाहर्ट्झचा वैयक्तिक संकट-सूचक घेता आला तर उत्तम. तो उपग्रहामार्फत तुमची जागा कळवतो. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या 5 ते 7 पट हवा आणि नांगराजवळ काही मीटर साखळी हवी, नाहीतर नांगर जमिनीला धरत नाही. नांगर धरला की बोटीचं पुढचं टोक लाटांकडे वळतं आणि आडवं हेलकावणं थांबतं. धाकट्याचं ओकणंही त्यामुळे बरंच कमी झालं असतं.

म्हणजे दुसरं इंजिन बिनकामाचं, असं मुळीच नाही. पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) फाटला, प्रॉप (बोट ढकलणारा पाण्यातला पंखा) तरंगत्या ओंडक्यावर आपटला, प्रॉपमधला रबरी हब फिरून सैल झाला, गिअरमध्ये काही तुटलं, थंड पाण्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली, अशा वेळी शेजारचं धडधाकट इंजिन देवासारखं धावून येतं. अशी दुखणी पेट्रोलमधल्या पाण्यासारख्या दुखण्यांपेक्षा कमी नाहीत. प्रश्न एवढाच की उरलेलं एक इंजिन तुम्हाला कसं परत आणतं. या बाबतीत फार कमी लोक आधी खात्री करून घेतात.

दोन इंजिनांच्या वेगवान बोटीचे प्रॉप दोन्ही इंजिनं चालू आहेत असं धरून निवडलेले असतात, म्हणजे त्यांचा पिच (एका फेऱ्यात पुढे ढकलण्याचं अंतर) मोठा असतो. त्यातलं एकच चालवून जड बोट पाण्यावर उचलायला (वेगात पाण्याच्या पृष्ठभागावर सरकवायला) गेलात तर ते इंजिन पाचव्या गिअरमध्ये चढ चढणाऱ्या गाडीसारखं गुदमरतं. थ्रॉटल (वेगाचा दांडा) पूर्ण पुढे असतो, पण फेरे 3,000 च्या आसपास अडकतात आणि 300 अश्वशक्तीच्या इंजिनातून निम्मी ताकदही बाहेर पडत नाही. तशा अवस्थेत ते तास-दीड तास रेटलं तर उरलेलं इंजिनही तापून जाण्याची भीती असते. अशा वेळी थ्रॉटल मागे घ्यायचा, बंद इंजिन वर उचलून पाण्याबाहेर काढायचं आणि शांतपणे यायचं. शांतपणे म्हणजे किती? पाण्यावर न उचललेल्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. तुमच्या बोटीला तो साधारण 6 ते साडेसहा नॉट (1 नॉट म्हणजे तासाला 1 सागरी मैल) पडेल. बेटावरून निघून 5 मैलांवर एक इंजिन गेलं तर उरलेले 20 मैल यायला 3 तासांहून जास्त लागतील. वाऱ्याविरुद्ध आणखी जास्त. तेवढं पेट्रोल आहे का आणि तोपर्यंत उजेड राहील का, हे आधी बघायला हवं. हलक्या बोटी योग्य प्रॉपवर एका इंजिनानेही पाण्यावर उचलतात, मग हाच प्रवास तासाभराचा होतो. तुमची त्यातली आहे का, हे विकणाऱ्याच्या शब्दावर ठरवू नका. चाचणीच्या वेळी बोटीत 4 माणसं आणि भरलेली टाकी घेऊन एक इंजिन बंद करायला लावा, ते वर उचला आणि दुसऱ्यावर बोट उचलते का ते बघा. विकणारा यासाठी का-कू करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

आता वेगाकडे. जॉर्ज क्राउच या नौका-आरेखकाच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं सूत्र आहे: पाण्यावर उचललेल्या बोटीचा वेग अश्वशक्ती भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. यातलं ‘वर्गमूळ’ फार महत्त्वाचं आहे. नुसती ताकद दुप्पट केली आणि वजन तसंच राहिलं, तरी वेग जास्तीत जास्त 41 टक्क्यांनी वाढेल. तुमच्याकडे ताकद 450 वरून 600 होणार, म्हणजे एक तृतीयांश वाढ. वजनही वाढणार. 450 चं एक इंजिन सुमारे 315 किलोचं धरा आणि 300 ची दोन मिळून सुमारे 470. त्यात दुसरी बॅटरी, वायरिंग, नळ्या, प्रॉप मिळवले तर फरक 200 किलोपर्यंत जातो. माणसं-पेट्रोलसकट एका इंजिनाची बोट 2,200 किलो आणि दोन इंजिनांची 2,400 किलो धरून सूत्रात घाला. पहिली 55 नॉट पळत असेल तर दुसरी 60-61 नॉट पळायला हवी. प्रत्यक्षात तेवढीही नाही, कारण दुसऱ्या इंजिनाचा गिअरकेस (खालची गिअरची पेटी) पाण्यात आणखी एक अडथळा म्हणून ओढला जातो आणि वेग वाढेल तशी ती ओढ झपाट्याने वाढते. 58-59 नॉट मिळाले तरी चांगलंच म्हणायचं. 3-4 नॉट. तळ स्वच्छ ठेवला आणि प्रॉप नीट निवडला तर यातला काही भाग एका इंजिनावरही मिळतो.

आणि या 3-4 नॉटसाठी पूर्ण थ्रॉटलला जळणारं पेट्रोल बघा. एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे 0.38 लिटर असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे एका बाजूला तासाला 170 लिटर आणि दुसऱ्या बाजूला जवळपास 230. संथ फिरताना फरक इतका मोठा नसतो, तरी दोन इंजिनांची बोट वजन आणि ओढ यांमुळे दर मैलामागे थोडं जास्तच पिते. तेवढंच अंतर जायला जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे पुन्हा वजन.

तुमचे मित्र ‘खरी परफॉर्मन्स बोट’ म्हणतात त्याला एक इतिहास आहे. आउटबोर्डमधून मोठी ताकद काढणं एके काळी अवघड होतं, म्हणून वेग हवा असेल तर इंजिनांची संख्या वाढवण्यावाचून गत्यंतर नसे. आता तसं राहिलेलं नाही. 2021 मध्ये मर्क्युरी या कंपनीने 600 अश्वशक्तीचं एकच व्ही-12 आउटबोर्ड बाजारात आणलं. तुमच्यासमोरचं 450 चं इंजिनही त्याच बदलाचं फळ आहे. त्यातही समुद्रावरचा वेग मुळात इंजिनाने नव्हे, तळाने मिळवून दिला. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत रे हंट यांच्या आरेखनाची, खोल व्ही तळाची ‘मॉपी’ खवळलेल्या पाण्यात पहिली आली आणि तेव्हापासून हा तळ वेगवान बोटींचा पायाच झाला. तुमच्या दोन्ही बोटींचा तळ एकच आहे. लाटा दोन फुटांच्या वर गेल्या की 25 फुटी बोटीत बायकामुलांना घेऊन तुम्ही 30 नॉटच्या पुढे जाणार नाही, मागे कितीही ताकद असली तरी. सपाट पाण्यात, एकट्याने, सकाळच्या वेळी 58 नॉट गाठायचा आनंद वेगळा आहे. तो वर्षातून किती सकाळी घेणार, याचा विचार करा.

चालवण्याच्या बाबतीत मात्र दोन इंजिनांच्या बाजूने खरंच बोलण्यासारखं आहे. एकाच मोठ्या प्रॉपच्या फिरण्याने बोट एका कुशीवर कलते आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. 450 अश्वशक्तीत हे हाताला चांगलंच जाणवतं, त्यामुळे हायड्रॉलिक स्टिअरिंगशिवाय ती बोट घेऊच नका. दोन इंजिनांचे प्रॉप उलट-सुलट दिशांना फिरतात आणि एकमेकांचा हा जोर मारून टाकतात. खोल व्ही तळाची बोट वेगात ट्रिम करून (इंजिनाचा कोन बदलून) वर आली की मधल्या अरुंद पट्टीवर तोलून धावते आणि डावी-उजवीकडे डुलायला लागते. आवर घातला नाही तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. एका प्रॉपच्या बोटीत हे सांभाळायला जास्त सराव लागतो. असं झालं की ट्रिम थोडा खाली आणा आणि थ्रॉटल हलकेच कमी करा. झटक्याने बंद केलात तर पुढचं टोक पाण्यात रुततं आणि बोट भलतीकडे वळते. तीक्ष्ण वळणावर मात्र एका इंजिनाची बाजू वरचढ ठरते. ते मधोमध, सगळ्यात खोल पाण्यात असतं. दोन इंजिनं व्ही तळाच्या चढत्या बाजूंवर असतात, त्यामुळे वळणात बाहेरच्या बाजूचा प्रॉप हवा ओढून सुटू शकतो.

धक्क्याला लावताना दोन इंजिनं म्हणजे सुख, हेही तितकंच खरं. एक पुढे, एक मागे टाकलं की बोट जागच्या जागी फिरते. पण आउटबोर्डमध्ये दोन इंजिनांमधलं अंतर साधारण 70 सेंटिमीटरच असतं, त्यामुळे ही किमया पोटात दोन इंजिनं असलेल्या रुंद बोटीइतकी जोरकस नसते. आणि तुम्ही 6 वर्षं एका इंजिनावर बोट लावत आला आहात. आधी स्टिअरिंग वळवा, मग थ्रॉटलला हलका धक्का द्या, पुन्हा न्यूट्रलला या, हे तुमच्या हातात बसलेलंच असेल. 25 फुटी बोटीला तेच करायचं आहे, फक्त वारा जास्त धरेल.

देखभालीबद्दल पत्रात एकही ओळ नाही, म्हणून मला थोडी काळजी वाटली. मेकॅनिक ‘एकच घ्या’ का म्हणतो, ते त्याला विचारलंत का? दोन इंजिनं म्हणजे इंजिन ऑइल, गिअर ऑइल, इंपेलर, प्लग, फिल्टर, गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे, सगळं दोनदा. प्रॉप उलट-सुलट फिरणारे असले की जादा प्रॉपही दोन्ही हातांचे ठेवावे लागतात, कारण उजव्याचा डाव्याला चालत नाही. आउटबोर्ड निदान बाहेरून हाताळता येतं. जे वाचक बोटीच्या पोटात दोन इंजिनं आणि मागे स्टर्नड्राइव्ह (आतल्या इंजिनाची ताकद बाहेरच्या प्रॉपपर्यंत नेणारा भाग) असलेल्या जुन्या बोटींचा विचार करत आहेत, त्यांनी एकदा इंजिनाचं झाकण उघडून आत उतरून बघावं. दोन इंजिनांच्या मधे हात कसाबसा जातो. बाहेरच्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) बोटीच्या भिंतीला इतका खेटलेला असतो की त्याचा खालचा बोल्ट बोटांनी चाचपडूनच शोधावा लागतो आणि पाना अर्ध्या वळणाच्या पुढे फिरत नाही. ज्या कामाला एका इंजिनात तास लागतो, त्याला तिथे अख्खा दिवस जातो, आणि म्हणून ते काम पुढे ढकललं जातं. नियमित देखभाल झालेलं एक इंजिन हे कंटाळा करून सोडून दिलेल्या दोनांपेक्षा कितीतरी भरवशाचं असतं.

मग दोन इंजिनं घ्यावीत कुणी? जे वरचेवर 20 मैलांच्या पलीकडे जातात, रात्री चालवतात, थंड पाण्यात किंवा जिथे ओढून आणायला कुणी येणार नाही अशा भागात फिरतात, त्यांनी बिनदिक्कत घ्यावीत, मात्र टाक्या, फिल्टर, बॅटऱ्या वेगळ्या करूनच. बोट 30 फुटांच्या आसपास आणि जड असेल तर बहुतेक वेळा दुसरा पर्यायच नसतो. प्रॉपच्या एकांगी ओढीचाच त्रास असेल आणि स्टर्नड्राइव्ह चालत असेल, तर एकाच ड्राइव्हवर उलट दिशांना फिरणाऱ्या दोन प्रॉपची रचनाही आहे. व्होल्व्हो पेंटाने ती 1982 मध्येच आणली. आणि ज्यांना फक्त परतीची सोय हवी आहे त्यांच्यासाठी 10-15 अश्वशक्तीचं छोटं जादा आउटबोर्ड पुरतं. त्याची टाकी सुटी आणि स्वतंत्र असली पाहिजे. ते 25 फुटी बोट शांत पाण्यात 5 नॉटने परत आणतं, म्हणजे मोठ्या जोडीतल्या गुदमरलेल्या इंजिनापेक्षा फार मागे नाही. एका इंजिनासाठी बांधलेल्या बोटीवर दोन चढवण्याचा विचार कुणी करत असेल, तर आधी बोटीवरची क्षमतेची पट्टी वाचावी. तिच्यावरची कमाल अश्वशक्ती ओलांडली की ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या भिंतीवर) ताण येतो, मागचा भाग दबतो, पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जातात आणि विमाही अडचणीत येतो.

तुमच्यासाठी माझं मत 450 च्या एका इंजिनाच्या बाजूने आहे. तुमचं बहुतेक फिरणं किनाऱ्याजवळचं आहे आणि तुम्हाला भोवलेलं संकट दुसऱ्या इंजिनाने टळलं नसतं. वाचलेल्या पैशांतून फिल्टर, रेडिओ, नांगर-साखळी आणि सुट्या टाकीचं छोटं इंजिन घ्या. मागे ते बसवायला ब्रॅकेटची जागा आहे का, हे आधी बघा, आणि एरवी ते पाण्याबाहेर उचललेलं ठेवा. बेटाच्या त्या दोन फेऱ्या दुसऱ्या बोटीच्या सोबतीने करा. निघताना कुठे चाललोय आणि किती वाजता परत येणार हे किनाऱ्यावरच्या एकाला सांगून जा. पेट्रोल जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश आणि उरलेलं राखीव, असंच धरा.

दोन इंजिनांचा तो एकत्र घुमणारा आवाज आणि थ्रॉटलची जोडी हातात धरण्याचा रुबाब तुम्हाला मनापासून हवा असेल, तर त्यात काही गैर नाही. हौसेला मोल नसतं. फक्त घरात बोलताना ती हौस म्हणूनच सांगा, तिच्यावर पत्नीच्या भीतीची झूल घालू नका. त्यांना आपल्या भीतीचं उत्तर मिळालं असं वाटेल, आणि पुढच्या वेळी पाण्यात दोन्ही इंजिनं एकदम थांबली तर तो विश्वास परत मिळवणं फार अवघड जाईल. वापरलेली बोट घ्यायचीच ठरली, तर दोन्ही इंजिनांचे चाललेले तास जुळतात का बघा, नसतील तर का ते विचारा. दोन्हींचं कम्प्रेशन तपासून घ्या, गिअर ऑइल दुधाळ दिसतंय का ते बघा (दुधाळ म्हणजे आत पाणी), आणि ट्रान्समच्या लाकडात ओल नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्या.

बोट कुठलीही घ्या, चाचणीला पत्नीला बरोबर न्या आणि अर्धा तास त्यांना चालवू द्या. रेडिओवर हाक मारणं, नांगर सोडणं आणि बोट थांबवून वळवणं त्यांनी स्वतःच्या हाताने करून बघावं. किल स्विचची (इंजिन लगेच बंद करणाऱ्या स्विचची) दोरी चालवणाऱ्याने अंगाला अडकवलेलीच असली पाहिजे. दोन इंजिनं असतील तर ही दोरी एकदा ओढून दोन्ही एकदम बंद होतात का, हे तिथेच बघून घ्या. आणि तशीच दुसरी दोरी पत्नीच्या हाताशी येईल अशा जागी ठेवा. तुम्ही पाण्यात पडलात तर पहिली दोरी तुमच्याबरोबर जाईल, आणि बऱ्याच बोटींत दोरीच्या टोकाची क्लिप स्विचवर नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. तुम्हाला घ्यायला बोट वळवायची असेल तर त्यांना ती दुसरी दोरी लागेल.